आमचा घाट

जुन्नर-आंबेगावच्या बाहेरच्या माणसाला घाट म्हटलं की माळशेज आठवतो, नाहीतर नदीच्या पायऱ्या. आमच्याकडे कुणी 'उद्या घाटात जायचंय' म्हणाला की पुढचा प्रश्न एकच असतो, 'टोकन कितवं लागलं?', म्हणजे पळायचा नंबर कितवा. हा घाट बैलगाडा शर्यतीचा. म्हणजे गावाबाहेर, बहुतेक खंडोबाच्या नाहीतर भैरवनाथाच्या देवळाच्या अंगाला, खालून वर चढत गेलेली मुरमाड मातीची सरळ पट्टी. दोन्ही बाजूंना माणसं बसायला उंचवटे, माथ्यावर निवेदकाचा आणि घड्याळवाल्यांचा मांडव. देह एवढाच. पण गावातल्या कुठल्याही जुन्या माणसासारखा त्याला स्वभाव आहे, राग आहे आणि मानपानही आहे.

वर्षातले साडेतीनशेहून जास्त दिवस तो नुसता पडून असतो. पावसाळ्यात अंगावर गवत वाढतं, शेरडं चरतात, श्रावणात मधोमध पाण्याचा ओघळ पडतो. सुटीत पोरं तिथं क्रिकेट खेळतात. अनोळखी माणूस शेजारून गेला तर त्याला वाटेल, पडीक रान आहे. गावातला माणूस मात्र जाता जाता एकदा नजर टाकून जातो. म्हातारं माणूस ओसरीवर डोळे मिटून पडलेलं असलं तरी आपण पाय न वाजवता जातो ना, तसं.

मग पौष येतो. आंबेगाव तालुक्यात नागापूरच्या थापलिंग गडावर पौष पौर्णिमेला खंडोबाची यात्रा भरते, भंडाऱ्यानं माणसं पिवळी होतात आणि त्या भागातल्या गाडामालकांचा हंगाम उघडतो. पुढे माघातल्या यात्रा, मग चैत्र-वैशाखातल्या. आज या गावचा घाट, परवा त्या. हे वेळापत्रक कुठल्या कचेरीत ठरत नाही, पंचांगात छापलेलं असतं. ग्रामदैवताची तिथी बदलत नाही, म्हणून घाटाचा दिवसही हलत नाही. पहिला पाऊस पडून पेरण्यांची घाई सुरू झाली की हंगाम मिटतो.

आमच्या घाटाला उठवायचं काम यात्रेच्या आठ दिवस आधी सुरू होतं. ओघळ बुजवतात, मुरूम पसरतात, टँकरनं पाणी मारतात, रोलर फिरवतात. पण मला आठवते ती त्यानंतरची वेचणी. आमच्या आळीत एक आबा आहेत. ते खालच्या टोकाला चप्पल काढून ठेवायचे आणि अनवाणी वरपर्यंत चालायचे. घाईनं नव्हे, टाच टेकवून, तळवा पूर्ण दाबून. खडा लागला की थांबायचे, वाकून उचलायचे आणि सदऱ्याच्या खिशात टाकायचे. बाजूला फेकायचे नाहीत, कारण फेकलेला खडा पोरांच्या पायानं परत आत येतो. माथ्यावर पोचेपर्यंत दोन्ही खिसे लोंबत असायचे. 'माझ्या तळव्याला लागलं ते त्याच्या खुराला लागणारच,' म्हणायचे. तेव्हा ते साठीच्या पुढे होते, आणि त्यांच्या दावणीला स्वतःचा गाड्याचा बैल कधीच नव्हता.

घाटाचा स्वभाव कळायला बारी, म्हणजे गाड्याची एक धाव, पाहावी लागते. एका वेळी एकच गाडा पळतो. छकड्यांच्या मैदानात जसे शेजारी शेजारी पळतात तसं इथं नाही. चार बैल असतात, दोन मागे गाड्याला, दोन पुढे, आणि त्यांच्याही पुढे घोडीवर स्वार. गाड्यावर माणूस बसत नाही. खाली पाच-सहा गडी बैलांना धरून उभे असतात, बैलांच्या कातडीवर शिरशिरी उठत असते, एखादा मागचा पाय आपटत असतो. माथ्यावरून निवेदकाचा आवाज येतो, 'झाली झाली झाली', निशाण पडतं, धरणारे हात सुटतात आणि 'भिर्रर्र'. पुढे काय झालं ते डोळ्यांना कळायच्या आत धुळीचा लोट माथ्यावर गेलेला असतो. सगळा खेळ बारा-तेरा सेकंदांचा. त्यातल्या एका सेकंदाच्या तुकड्यावर पहिला नंबर की दुसरा ते ठरतं, आणि सगळ्यांत कमी वेळात आला तो 'घाटाचा राजा'.

आमच्या घाटाला मध्यावर एक जागा आहे, जिथं चढ एकाएकी उभा राहतो. खाली तो कुणाला अडवत नाही. जोरात येणाऱ्याला येऊ देतो. त्या जागेवर मात्र तो विचारतो, दम आहे का? तिथं पुढचे बैल ओढत राहिले आणि मागच्यांनी मान टाकली नाही, तर गाडा निघतो. नाहीतर खालून विजेसारखा आलेला गाडा तिथं जड होतो, आणि दोन्ही बाजूंची माणसं एकदम 'अरेरे' करतात. मालक लाखाचा असो की दोन एकर टोमॅटोवाला, घाटानं कुणाची ओळख ठेवली नाही. मला तो आवडतो तो याच्यासाठी.

हंगाम या शब्दाचं मला वेड आहे, मग तो घाटाचा असो की फुटबॉलचा. २०१२-१३ मध्ये मी नाशिक रस्त्यानं बालेवाडीला जाऊन पुणे एफसीचे आय-लीगमधले सामने बघायचो. देशातल्या सर्वांत वरच्या फुटबॉल लीगमध्ये १४ संघ होते, प्रत्येकाला २६ सामने, आणि प्रशिक्षक डेरिक परेरांच्या हाताखालचं पुणे दुसरं आलं, गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग. अराता इझुमी त्याच संघात होता, जपानचं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलेला. थोडी पण जिवाभावाची माणसं प्रत्येक सामन्याला यायची. मला वाटलं, पुण्याला फुटबॉलचा हंगाम कायमचा लागला.

नाही लागला. २००७ मध्ये निघालेला पुणे एफसी २०१५ मध्ये बंद झाला. डीएसके शिवाजीयन्स दोन हंगाम खेळून २०१७ मध्ये आय-लीगमधून गेला. इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये आला आणि २०१९ मध्ये संपला. त्याची जागा हैदराबादला गेली. पाच वर्षांत वरच्या पातळीचे तीन संघ गेले. खेळाडू वाईट नव्हते, बघणारे खोटे नव्हते. मालकाला हिशेब जमेना की संघ उठतो, आणि बघणाऱ्याला कुणी विचारत नाही.

याच वर्षांत आमचा घाटही बंद होता.

११ जुलै २०११ ला केंद्र सरकारनं खेळात वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. त्या यादीत आधीपासून अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह होते. जुन्नरच्या उसात बिबट्या राहतो. त्याच्या भीतीनं आम्ही रात्री गोठ्याला जाळी लावून बैल सांभाळतो. कागदावर ते दोघं शेजारी बसले. मग कोर्टात कधी हो, कधी नाही असं चाललं, आणि ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं जल्लीकट्टूबरोबर बैलांच्या शर्यतीही बंद केल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्रानं कायदा दुरुस्त केला. त्यात बैलगाडा शर्यत, छकडी, शंकरपट ही नावं लिहिली, आणि गाडीवानासह किंवा गाडीवानाशिवाय, असंही लिहिलं. उच्च न्यायालयात तो अडला. सर्वोच्च न्यायालयाची परवानगी आली ती थेट १६ डिसेंबर २०२१ ला. १ जानेवारी २०२२ ला लांडेवाडीत घाट सजला होता, तर आयत्या वेळी कोरोनामुळे शर्यत थांबली. अखेर १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं कायदा वैध ठरवला.

२०१४ ते २०२१ ही सात वर्षं मी जवळून पाहिली. यात्रा भरायची, पालखी निघायची, कुस्त्या व्हायच्या, तमाशा व्हायचा. घाटावर गवत असायचं. बेल्ह्याच्या बाजारात खिल्लार खोंडाकडे बघणारं गिऱ्हाईक कमी झालं. ट्रॅक्टर आल्यापासून नांगराला बैल लागत नाही. गाडा नसेल तर उडदाची डाळ नि शेंगदाण्याची पेंड घालून तो कशाला पोसायचा, हा प्रश्न घरात बायका विचारायच्या आणि पुरुषांकडे उत्तर नसायचं. काहींनी विकले. काहींनी कर्ज अंगावर असतानाही ठेवले.

आणि आबा दर वर्षी यात्रेच्या आधी चप्पल काढून घाट चालायचे. शर्यत नाही, गाडा नाही, टोकन नाही. 'मग खडे कशाला वेचता?' असं मी एकदा विचारलं. म्हणाले, 'देव तरी वर जातोय ना ह्याच वाटेनं.' आमची पालखी खरंच त्या चढानं जाते. संघ गेले आणि घाट राहिला, याचं कारण मला त्या दिवशी समजलं. घाट कुणाच्या मालकीचा नव्हता, म्हणून कुणाला तो बंद करून दुसऱ्या शहरात नेता आला नाही. त्याचा हिशेब वर्गणीच्या वहीत असतो, आणि ती वही देवळात ठेवलेली असते.

पण एक गोष्ट मी आमच्याच माणसांना तोंडावर सांगतो. बंदी अकारण आली नव्हती. मी काठीला ठोकलेला खिळा पाहिलाय, शेपटी पिरगाळताना पाहिलंय. मुक्या जनावराला बॅटरीचा झटका देणारे हात आपल्यातलेच होते. घाटानं ते कधी मागितलं नव्हतं. त्याला दम बघायचा होता, दहशत नाही. आता कायद्यात अंतर १००० मीटरच्या वर न्यायचं नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, पशुवैद्याचा दाखला हवा, आणि जनावराला इजा केली तर ५ लाखांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद. हे नियम मला जाचक वाटत नाहीत. आबा ज्या कारणानं खडे वेचायचे, त्याच कारणानं ते लिहिलेत.

आबांना आता चढवत नाही. यात्रेआधी ते खालच्या टोकाला बाभळीखाली खुर्ची टाकून बसतात आणि नातू अनवाणी चालतो. वर जाऊन परत येतो आणि खिसे त्यांच्यापुढे रिकामे करतो. ते एकेक खडा हातात घेऊन बघतात. मागच्या वर्षी एक काचेचा तुकडा निघाला. त्यांनी तो फडक्यात गुंडाळला, आणि पोराला पुन्हा एकदा वर पाठवलं.

गाडामालकांनो, येत्या पौष पौर्णिमेला थापलिंगला या, मग आमच्याकडे या. काठी घरी ठेवा. बैल गाडीतून उतरवायच्या आधी चप्पल काढून घाट एकदा खालून वर चालून बघा, आणि पायाला लागलेला खडा खिशात टाका.