काठाने वाहणारी शिबंदी

विळीवर भाजी चिरताना बोट कापले, म्हणजे आमची आई त्यावर हळदीची चिमूट दाबून धरी आणि रक्त थांबल्याचे सारे श्रेय हळदीला देई. हळद पोहोचण्यापूर्वीच जखमेच्या तोंडाशी कोणी दुसरेच येऊन उभे राहिलेले असतात, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

रक्तपट्टिका हे त्यांचे नाव. दोन-तीन मायक्रॉन रुंदीच्या या वर्णहीन, केंद्रकहीन चकत्या इतक्या नगण्य भासत, की विद्वान त्यांना पांढऱ्या पेशींचा चुरा समजत. इटलीतील तुरीन येथे ज्यूलिओ बिझ्झोझेरो यांनी 1881-82 च्या सुमारास, काचेवर काढलेल्या रक्तावर विसंबून न राहता, जिवंत प्राण्याच्या आतड्याजवळील पातळ पडद्यातून वाहणारे रक्त न्याहाळले, आणि इजा झालेल्या भिंतीला सर्वांआधी याच चकत्या बिलगतात हे त्यांच्या नजरेस आले. अशा दृष्टीच्या माणसाला पुढे नेत्रविकारामुळे सूक्ष्मदर्शक सोडावा लागला, हे वाचून मन कळवळते.

अस्थिमज्जेतील महाकाय पेशींपासून तुटून निघालेल्या या पट्टिका रक्ताच्या एका घनमिलिमीटरात दीड ते साडेचार लाख असतात. तांबड्या पेशी मध्यधारेतून जातात. या काठाकाठाने गस्त घालतात. वाहिनीचे अस्तर धड असेपर्यंत तेच त्यांना स्वस्थ राहण्याची ताकीद देत असते. परंतु ते फाटून खालचे कोलॅजन उघडे पडले, की कोणा वरिष्ठाच्या हुकमाची वाट न पाहता पहिली पट्टिका तेथे चिकटते, आपला गोल आकार मोडून काटेरी होते, पोटातील रसायने सोडते, आणि त्या वर्दीसरशी शेजारून वाहणाऱ्या इतर धावून येतात. मग फायब्रिनचे तंतू ही नाकेबंदी पक्की विणून टाकतात.

आयुष्य सात ते दहा दिवसांचे. त्यांतील कितीतरी जणींना जखमेचे दर्शनही न घडता प्लीहा व यकृत हजेरीपटावरून कमी करतात.

एका आप्तासाठी रक्तपेढीत रात्र काढण्याचा प्रसंग आला, तेव्हा सुमारे 22 अंश तपमानात त्यांच्या पिवळसर पिशव्या एका यंत्रावर अखंड झोके घेत होत्या. पाच दिवसांपलीकडे त्या ठेवीत नाहीत, असे तेथील बाईंनी सांगितले. पहाटे आमची पिशवी हाती आली. रक्ताच्या पिशवीसारखी ती गार नव्हती. आणि जिना चढताना मीही ती नकळत हलवीत राहिलो.