शब्दांतील बांध

ईशज्ञानाच्या उच्च अध्ययनासाठी आम्ही रोमनगरीत गेलो, तेव्हा आम्ही तिशीत होतो. सेमिनरीत लॅटिन शिकलो असल्याने इटालियन भाषा जड जाणार नाही, असा आमचा समज होता. एका वयोवृद्ध धर्मभगिनीने तो पहिल्याच आठवड्यात दूर केला.

लूककृत शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायातील अप्रामाणिक कारभाऱ्याचा दाखला आम्ही त्यांना वाचून दाखवीत होतो. ‘ओनेस्तो’ म्हणजे प्रामाणिक. त्याला ‘दिस्’ हा नकारार्थी उपसर्ग लागून ‘दिसोनेस्तो’ होतो. अर्थ स्पष्ट व्हावा म्हणून आम्ही ‘दिस्-ओनेस्तो’ असे तोडून वाचले. सिस्टर हसून म्हणाल्या, “पाद्रे, दि-सो-ने-स्तो!”

ओळीच्या शेवटी शब्द तोडून लिहिताना आमची फोड चालून जाते. परंतु बोलताना उपसर्गाचे अंत्य व्यंजन पुढच्या स्वराला जाऊन मिळते. आम्हांस आपली मराठी आठवली. ‘निर्’ आणि ‘आधार’ मिळून झालेला शब्द आपणही ‘नि-रा-धार’ असाच उच्चारतो. मात्र ‘स’पुढे व्यंजन आले की इटालियनांची वाट निराळी. आपण ‘मास्-तर’ म्हणतो; ते ‘मा-ए-स्त्रो’ अशी फोड करतात. म्हणून नुसता ‘स’ उपसर्ग असला, तरी तो पुढील अक्षराला बिलगूनच राहतो. ‘फोर्तुनातो’ म्हणजे भाग्यवान, ‘स्फोर्तुनातो’ म्हणजे अभागी. एवढ्याशा ‘स’ने शब्दाआधीचे उपपदही बदलते : ‘इल फोर्तुनातो’, पण ‘लो स्फोर्तुनातो’. व्यंजनाचे द्वित्व झाले, तर बांध बरोबर मधोमध पडतो. लॅटिनमधील ‘आद्’ हा उपसर्ग धावणे या अर्थाच्या क्रियापदाला लागून ‘आक्-कोर्-रे-रे’, म्हणजे धावून येणे, असा शब्द झाला. जसा आपल्याकडे ‘सत्’ व ‘जन’ यांचा ‘सज्जन’.

शेवटी सिस्टरांनी ‘पेर्दोनारे’, म्हणजे क्षमा करणे, हा शब्द फोडावयास दिला. पेर्-दो-ना-रे. येथे उपसर्ग जेथे संपतो तेथेच पहिले अक्षरही संपते. ‘दोनारे’ म्हणजे दान देणे. ‘पेर्’ म्हणजे पुरेपूर.

आम्ही गप्प झालो. रोमला निघण्यापूर्वी वडिलांच्या वाडीच्या हिशेबावरून आम्ही थोरल्या दादांना चारचौघांत अप्रामाणिक म्हटले होते. चूक त्यांची, तेव्हा पहिला शब्दही त्यांनीच बोलावा, असे धरून बसलो होतो. दाखला वाचताना ज्या शब्दावर आम्ही अडखळलो, तोच शब्द आम्ही सख्ख्या भावाला लावला होता. आणि आता क्षमेच्या पोटात ‘देणे’ निघाले होते. देणारा मागणाऱ्याची वाट पाहत बसला, तर ते पुरेपूर देणे कसले?

त्याच रात्री आम्ही दादांना पत्र लिहिले. तीन आठवड्यांनी उत्तर आले. त्यात हिशेबाचा उल्लेखही नव्हता. वाडीत नव्या केळींना पहिला घड लागल्याची वार्ता होती आणि ‘तू आलास की उतरवू’ एवढे एक वाक्य होते.

दादा आज हयात नाहीत. पापनिवेदनासाठी आलेला एखादा माणूस आपल्या भावाविषयी बोलू लागला, की आम्ही मनातल्या मनात त्या शब्दाची फोड करतो : पेर्-दो-ना-रे. मग त्याला एवढेच विचारतो, “पत्र लिहिलेत का?”