मागची बैठक

आमच्या तोंडवलीस डोंगर नाहीं. पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस गड नदीची खाडी, आणि मध्यें माडांची व सुरूंची वाळूवरची एक चिंचोळी पट्टी, एवढेंच आमचें जग. हीच नदी सह्याद्रींत उगम पावून कणकवलीवरून आमच्या दाराशीं येते. पावसाळ्यांत तिचें पाणी तांबडें झालें म्हणजे वर कोठें तरी डोंगर धुपत आहे, हें आम्ही ओळखतों. ज्या डोंगराची माती आपल्या अंगणापर्यंत येते, त्याची परतभेट आपणही घ्यावी, अशा विचारानें तीस वर्षांपूर्वीं आम्ही फटफटीवर बसून प्रथम घाट चढलों. तें वेड पुढें सुटलें नाहीं. मागच्या बैठकीवर पत्नी असे, हें निराळें सांगावयास नकोच.

परत आल्यावर आम्हीं प्रवासवर्णनें लिहावीं, आणि त्यांत 'आम्हीं अमुक पाहिलें, तमुक पाहिलें' असें बिनदिक्कत ठोकून द्यावें. परंतु वाचकहो, घाटांत फटफटी हांकणारास दिसतें तरी काय? खड्डा, सुटी खडी, ताजें शेण आणि समोरून येणारी एस.टी.! दरी, धबधबा, रानांतून डोकावणारा गवा, हें सारें मागें बसणारासाठीं असतें. तिनें खांद्यावर बोट टेकावें, "अहो, तें पाहा," म्हणावें, आणि आम्हीं मान वळवीपर्यंत वळण संपून जावें! रात्रीं मुक्कामावर ती वर्णन करी आणि आम्ही टिपून घेत असूं. लेखाखालीं नांव मात्र आमचें!

गेल्या वर्षीं डॉक्टरांनीं पत्नीचे डोळे तपासून काचबिंदूचें निदान केलें. या विकारांत दृष्टि बहुधा कडांकडून आंत आखडत येते. गेलेली दृष्टि परत मिळत नाहीं. उपचारांनीं राहिलेली सांभाळावयाची, इतकेंच. तिनें सारें शांतपणें ऐकून घेतलें आणि घरीं येतांना म्हटलें, "पाऊस उघडला कीं दाजीपुरास जाऊं या. एकदां पाहून ठेवतें." मुलांनीं फोनवरून पुष्कळ समजाविलें, गाडी विकून टाका, असाही सल्ला दिला. तरी आश्विन लागतांच आम्ही निघालों.

कणकवली, फोंडा, आणि मग घाट. माथ्यावर क्षणभर गाडी उभी केली. हा डोंगर पाण्याची वांटणी करतो. पश्चिमेस उतरलेला पाऊस आमच्या समुद्रास मिळतो. पूर्वेस पडलेला भोगावतींतून पंचगंगेस, तेथून कृष्णेस आणि शेवटीं बंगालच्या उपसागरास जातो. 1958 सालीं दाजीपूरच्या रानांत गव्यांसाठीं अभयारण्य झालें. 2012 सालीं युनेस्कोनें पश्चिम घाटास जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत हेंही रान आलें. हें सर्व आम्हीं पत्नीस मोठ्या उत्साहानें सांगितलें. तिनें नुसती मान हलविली. सबंध घाटांत तिचें बोट एकदांही खांद्यावर टेकलें नव्हतें. थकली असेल, असें आम्हीं मानलें.

पुढें एका धनगरवाड्यावर थांबलों. चार घरें, भोंवतीं नाचणीचीं शेतें. एका वृद्ध बाईनें घोंगडें अंथरलें आणि पत्नीस डावीकडून ताकाचा पेला पुढें केला. पत्नीस तो दिसलाच नाहीं. तिचा हात लागून ताक घोंगड्यावर सांडलें. ती ओशाळली. बाई म्हणाली, "असूं द्या बाई. आमच्या म्हाताऱ्याचं बी असंच हाय." मग दुसरा पेला भरून तिनें तो पत्नीचा हात धरून हातांतच दिला. जें त्या बाईस एका पेल्यानें कळलें, तें उभा घाट चढूनही आम्हांस कळलें नव्हतें!

परत येतांना आम्हीं वळणावळणावर गाडी थांबविली, यंत्र बंद केलें आणि दिसेल तें सांगूं लागलों. "डावीकडे दरी आहे. खालीं भाताचीं खाचरें. कडेला पिवळी फुलें, बहुधा तेरड्याचीं." पत्नीनें मान पुरती वळवून तिकडे पाहिलें आणि हंसून म्हणाली, "अहो, तेरडा का पिवळा असतो? ती सोनकी!" तीस वर्षें या डोंगरांवर लिहून आम्हांस सोनकी ओळखतां येत नव्हती.

तोंडवलीस पोहोंचावयास पार काळोख झाला. खाडीस भरती होती. गाडी विकण्याचें आम्हीं अजून मनावर घेतलेलें नाहीं. दृष्टि पुरेल तोंवर आणखी दोनतीन घाट उरकावयाचे आहेत. आतां प्रवासास दुप्पट वेळ लागतो, कारण प्रत्येक वळणावर थांबावें लागतें. इतकीं वर्षें आम्ही कोठेंच थांबलों नव्हतों, हेंही आतांच ध्यानांत आलें.