आझाद मैदान ते पार्टी

क्रीडा बातमीदार म्हणजे फुकटात मॅच बघणारा माणूस, असंच वाटतं ना तुम्हाला? मग एखाद्या रविवारी त्याच्याबरोबर मुंबईच्या आझाद मैदानावर चला! सी.एस.एम.टी. स्टेशनातून बाहेर पडलात की जवळच. एकाच मैदानावर बावीस खेळपट्ट्या! या सामन्यातला पॉइंट त्या सामन्यातल्या स्लिपला खेटून उभा. आलेला चेंडू कुणाचा, हे ओळखायलाही सराव लागतो.

बातमीदार मात्र धावतो स्कोअररच्या टेबलाकडे. १९८८ साली इथेच सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळीने शारदाश्रम शाळेसाठी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. त्याआधीची गंमत सचिननेच सांगितली आहे. तेव्हा तीस धावा केल्या तरच पेपरात नाव यायचं. याच्या होत्या २४. स्कोअररने अवांतरातल्या सहा त्याच्या नावावर टाकल्या, यानेही मान डोलावली. नाव छापून आलं, पण आचरेकर सरांनी असं काही झापलं की विचारू नका!

दुपारी उभ्या उभ्या वडापाव, संध्याकाळी परळला कबड्डी. रात्री जिंकलेल्या क्लबची पार्टी. पुरी-भाजीची ताटली हातात येते न येते, तोच एखादा पोरगा शर्ट ओढतो, "काका, माझ्या २८ झाल्या. तीस लिहाल?"

"वहीत २८, तर पेपरातही २८!" म्हणत काका ऑफिसकडे पळतात. पान लागायची वेळ झालेली असते ना!