माणच्या मैत्रिणींनो, यंदा घराबाहेर पडा!

माण म्हटले की पुष्कळांना साताऱ्याकडचा दुष्काळी माण तालुका आठवतो. आपले माण ते नव्हे. हे मुळशी तालुक्यातले, हिंजवडीला अगदी खेटून असलेले. जिथे भाताची खाचरे होती तिथे आता इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा आहे आणि भोवती उंचच उंच इमारती. तुमच्यापैकी कितीतरी जणी लातूर, जळगाव, अकोला, कोल्हापूर सोडून यजमानांच्या नाहीतर स्वतःच्या नोकरीपायी इथे आल्या आहेत. घर छान असते. पण संध्याकाळी गॅलरीत उभे राहिले की मनात येते, पुणे पुणे म्हणतात ते गेले कुठे? विद्येचे माहेरघर तेवीस-चोवीस किलोमीटरवर, आणि आपण मात्र सासरी!

तर त्या माहेरघरात वर्षभर काय काय चालते, ते आज सांगते. नक्की तारखा आणि जागा त्या त्या वेळी वर्तमानपत्रात पाहून घ्याच. पण हंगाम ठरलेले आहेत, तेव्हा बेत आधीपासून आखता येतात.

मुले शाळेत असतील तर पहिली खूण कॅलेंडरवर २८ फेब्रुवारीला करा. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२८ साली याच दिवशी आपला शोध जाहीर केला, म्हणून १९८७ पासून हा राष्ट्रीय विज्ञान दिन. या सुमारास पुण्यातल्या मोठमोठ्या संशोधन संस्था सामान्य माणसांना दारे उघडतात. विद्यापीठाच्या आवारातली ‘आयुका’ त्यांपैकीच एक. जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये ती उभी केली. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. तिथल्या चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. मुलांच्या विज्ञान शोधिकेच्या इमारतीचे नाव ‘पुलस्त्य’. सप्तर्षींतल्या एका ताऱ्याचे हे नाव, आणि त्यात आपले पु. ल.ही अलगद येऊन बसले! अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, रद्दी, सरबताची नळी यांतून खेळणी करायला शिकवले ते इथेच. आपण ज्याला कचरा म्हणून सुपलीत भरतो, तेच की हे सगळे.

पण मला विचाराल तर या दिवसांत एकदा खोडदला जाच. चाकण, राजगुरुनगर, मंचर ओलांडून नारायणगाव, आणि तिथून आत वळले की शेतांमधून एकदम प्रचंड ताटल्या दिसू लागतात. ही गोविंद स्वरूप यांनी उभारलेली रेडिओ दुर्बीण. एकूण ३० ताटल्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यांपैकी १४ जवळजवळ आहेत आणि बाकीच्या १६ तीन दिशांना पार दूरपर्यंत पसरल्या आहेत. त्या सगळ्या मिळून एका मोठ्या दुर्बिणीसारखे काम करतात. जवळ जाऊन पाहिले की गंमत कळते. ताटली भरीव नाहीच, बारीक तारांची जाळी आहे! मग लाटा त्यातून निसटत कशा नाहीत? चाळणी आठवा. रवा खाली पडतो, शेंगदाणे वरच राहतात. इथे पकडायच्या लाटांची लांबी वीतभर ते पुरुषभर, आणि जाळीची भोके बोटभरही नाहीत. वारा मात्र आरपार निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्चही वाचला. काटकसर म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको, पण शास्त्रज्ञांनाही ती इतकी सुरेख साधते हे पाहून बरे वाटते.

आणि हो, तिथे मोबाइल बंद ठेवावा लागतो. मिक्सर लावला की रेडिओ कसा खरखरतो? तसेच ते. आकाशातून येणारी कुजबुज इतकी क्षीण, की तुमच्या पर्समधला फोनही तिच्यावर ओरडतो.

एक सांगू? अशा ठिकाणी मुलांना आत पाठवून आया सावलीत डबे राखत बसतात. असे करू नका. शास्त्र मुलांचे आणि डबा आईचा, ही वाटणी कुणी केली? आत जा आणि विचारा. ‘आम्हाला काय कळतंय’ हे वाक्य तेवढे घरी ठेवून या.

गाण्याची आवड असेल तर डिसेंबर आहेच. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव. २०११ मध्ये पंडितजी गेल्यावर त्यांचेही नाव त्याला जोडले गेले. त्यांच्या गुरुभगिनी गंगूबाई हनगल या मंचावर कितीतरी वर्षे गायल्या. सगळे दिवस जमत नाही म्हणून एकही नको, असे करू नये. एका दिवसाचे तिकीट काढा, शाल आणि बसायला सतरंजी घ्या. थंडी बोचते बरं का.

नाटकवेड्या मुलगा-मुलगीला पावसाळ्यात पुरुषोत्तम करंडकाला न्या. १९६३ पासून चाललेली ही महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा. पोरांचा ‘आवाज कुणाचा’ कानाला दडे बसवतो, पण परीक्षक कडक. २०२२ मध्ये तर लायक कुणीच नाही म्हणून करंडकच दिला नाही! वाद झाला खूप. माझ्या मते ठीकच केले.

पुणे लांब वाटत असेल तर चिंचवड काही परके नाही. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात नाटके लागतात, सायन्स पार्कमध्ये सुट्टीचा एक दिवस सहज जातो आणि मार्गशीर्षात मोरया गोसावींचा उत्सव असतो. जानेवारी २०२४ मध्ये शंभरावे नाट्यसंमेलनही पिंपरी-चिंचवडनेच केले.

आणि अगदी दाराशी, चैत्री पौर्णिमेला हिंजवडीच्या म्हातोबाचे बगाड निघते आणि वाकडला जाते. एरवी कंपन्यांच्या बसगाड्यांनी तुंबणारा हा परिसर त्या दिवशी गावकऱ्यांचा होतो. आपण वरच्या मजल्यावरून नुसते ढोल ऐकतो. खाली उतरा. ज्यांच्या शेतांवर आपली घरे उभी आहेत, त्या घरच्या बायका नटूनथटून आलेल्या असतात. त्यांच्याशी चार शब्द बोला. भाजी कुठे ताजी मिळते इथपासून आंबेमोहर कुणाकडून घ्यावा इथपर्यंत सगळे कळेल.

उन्हाळ्यात, एप्रिल-मेच्या संध्याकाळी, न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला. एकटीला जायला संकोच वाटतो, परतायला उशीर होतो, हे खरे. म्हणून इमारतीतल्या चौघी मिळून एकच गाडी ठरवा आणि भाडे वाटून घ्या. रात्रीच्या पोळ्या दुपारीच लाटून ठेवा, आमटी यजमान गरम करतील. विषयांची यादी वर्तमानपत्रात येईल तेव्हा कात्रण फ्रिजवर लावा, आणि आवडलेल्या दोन विषयांवर आजच्या आज खूण करा.