वसमतहून औंढा नागनाथ : ज्येष्ठांसह एक सावकाश सहल

घरातील वडीलधाऱ्यांना एखादे प्राचीन स्थळ दाखवावे असे आपल्या मनात असेल, तर वसमतकरांना फार दूर जाण्याची आवश्यकता नाही. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून पूजले जाणारे औंढा नागनाथ हे आपल्याच हिंगोली जिल्ह्यात आहे. सकाळी लवकर निघाल्यास दुपारच्या जेवणाला घरी परतता येते. मात्र निघण्यापूर्वी एक गोष्ट ठाऊक असावी. येथील पिंडी तळघरासारख्या लहान गाभाऱ्यात असून तेथे उतरण्याच्या पायऱ्या अरुंद व उभ्या आहेत.

म्हणून प्रथम बाहेरून मंदिर पाहावे. खालचा कोरीव दगडी भाग यादवकालीन, तर वरचे बांधकाम नंतरच्या काळातील आहे. हा फरक नजरेला सहज कळतो. भिंतींवरील हत्ती, देवदेवता आणि स्त्रीशिल्पे पाहत, मध्ये थांबत, प्रशस्त प्रांगणातून प्रदक्षिणा करावी. सोबत घडीची खुर्ची असल्यास मूर्तीसमोर निवांत बसता येते.

अनवाणी चालताना मधुमेहींनी विशेष जपावे. पायांची संवेदना कमी झालेली असल्यास तापलेल्या दगडाचा चटका जाणवत नाही. जाड मोजे घालावेत आणि घरी आल्यावर तळवे तपासावेत. उपवासासाठी औषधांच्या वेळा परस्पर बदलू नयेत. मधुमेहाची औषधे घेऊन उपाशी राहिल्यास रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. वाटेत लघवीला जावे लागेल या संकोचाने अनेक ज्येष्ठ पाणी पिणे टाळतात. त्यांना ते आठवणीने द्यावे. महाशिवरात्र व श्रावणी सोमवारची गर्दी टाळून हिवाळ्यातील साधा दिवस निवडावा.

गाभाऱ्यात उतरायचेच असल्यास दुखरा पाय आधी खाली टाकावा. चढताना बळकट पाय आधी उचलावा. सोबत्याने उतरताना ज्येष्ठांच्या एक पायरी खाली, तर चढताना त्यांच्या मागे राहावे. अभिषेकाच्या पाण्याने जमीन निसरडी असते. हृदयविकार, दमा, चक्कर येणे किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. अशी अडचण जुन्या वास्तूंत सर्वत्रच असते. ॲम्स्टरडॅममधील ॲन फ्रँक यांच्या घरातही जिने उभे आहेत आणि मूळ वास्तूत चाकांची खुर्ची जात नाही.

येथे काळजी घेणाऱ्यांची खरी कसोटी लागते. ‘इतक्या लांब आलात, आता उतराच’ असा आग्रह नको आणि ‘तुम्हाला झेपणार नाही’ असा परस्पर निर्णयही नको. पायऱ्या कशा आहेत हे स्पष्ट सांगावे आणि विचारावे. उतरायचे नाही असे त्यांनी ठरवले, तर ते ऐकावे आणि त्यांच्याजवळ कोणीतरी थांबावे.

थांबलेल्यांना सांगण्यासारखी कथा याच मंदिराची आहे. संत नामदेवांना येथे कीर्तन करण्यास मज्जाव झाला, तेव्हा ते देवळाच्या मागील बाजूस जाऊन बसले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी श्रद्धा आहे. नंदी मागे राहिला तो त्यामुळेच, असे भाविक सांगतात. विसोबा खेचर या गुरूंची व नामदेवांची भेटही परंपरेनुसार औंढ्याचीच. ज्या देवाने बाहेर बसलेल्या भक्ताकडे तोंड फिरवले, त्याचे दर्शन बाहेरून घेतल्याने उणे राहत नाही, हे आजी-आजोबांना वेगळे पटवून द्यावे लागणार नाही.

नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी हिंगोलीपासून जवळ आहे. त्यांची 61 पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट असल्याने तेथे पंजाबातूनही भाविक येतात. परंतु दोन्ही ठिकाणे एकाच दिवसात उरकण्याची घाई करू नये. नर्सीसाठी स्वतंत्र दिवस राखून ठेवावा.