सायकलीचा लगाम

घोड्यावर बसणाऱ्याने आधी लगाम हाती घ्यावा, ही गोष्ट कोणासही सांगावी लागत नाही. सायकलीच्या बाबतीत मात्र पुष्कळजण ती विसरतात. नवी सायकल घरी आली, की मुले तिची घंटी वाजवून पाहतात, रंग न्याहाळतात, ती किती जोरात पळते याची चर्चा करतात. ती थांबते कशी, याची चौकशी क्वचितच कोणी करतो. ‘ब्रेक’ हा शब्द मूळचा परका खरा. पण तो आता मराठीत इतका रुळला आहे, की दुकानात जाऊन ‘रोधक’ मागितला, तर दुकानदार बुचकळ्यात पडेल.

आमची रत्नागिरी हे चढउतारांचे गाव. वर जांभ्या दगडाचे सडे, खाली समुद्र आणि भाट्याची खाडी. मध्ये वळणे घेत उतरणारे रस्ते. थिबा राजवाड्याजवळच्या उंचवट्यावरून खाडीचे पात्र पाहताना मन हरखून जाते. पण तोच उतार सायकलीवरून उतरताना मन सावध ठेवावे लागते. त्यातच वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस. पावसाळ्यात रस्त्यावर तांबड्या मातीचा चिखल येतो आणि एरवी खारा वारा लोखंडावर गंज चढवतो. सपाट मुलखात ढिला ब्रेक एखादे वेळी महिनाभर खपून जाईल. येथे तो एक दिवसही खपत नाही.

मुख्याध्यापक असताना मी शाळेच्या सायकली ठेवण्याच्या छपरीत रोज एक फेरी मारीत असे. घंटी चकचकीत आणि ब्रेकचे रबर झिजून गुळगुळीत, अशा सायकली तेथे पुष्कळ दिसत. एका वर्षी गणपतीची सुटी संपल्यानंतर सातवीतला एक मुलगा उतारावरून शाळेकडे येत होता. पाऊस नुकताच थांबला होता. वळणावर समोरून एक बाई मासळीची पाटी डोक्यावर घेऊन चढ चढत होत्या. मुलाने ब्रेक दाबला. तो पार मुठीला टेकला, पण चाक काही थांबले नाही. मुलाचे गुडघे खरचटले. ते आठ दिवसांत बरे झाले. त्या बाईंचा मात्र हात मोडला. सहा आठवडे तो प्लास्टरमध्ये होता आणि तेवढे दिवस त्यांचा धंदा बंद राहिला. मी त्यांना भेटायला गेलो, तेव्हा त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “गुरुजी, पोराची सायकल आधी नीट करून घ्या. उद्या वाटेत आणखी कोण असेल!”

त्या आठवड्यापासून दर शनिवारी शाळा सुटल्यावर मुले आणि मी मिळून सायकली तपासू लागलो. आम्ही तेथे जे करीत होतो, ते तुम्हांलाही घरी करता येईल.

त्याआधी ब्रेकचे काम कसे चालते, ते समजून घ्या. मुठीजवळची दांडी ही एक तरफ आहे. बोटांचा थोडासा जोर ती वाढवते आणि तारेवाटे रबराच्या दोन गुटक्यांपर्यंत पोहोचवते. गुटके रिमला दोन्ही बाजूंनी धरतात. घर्षण होते, आणि चाकाची गती उष्णतेत बदलून जाते. पूर्वी ब्रेक थेट टायरवर दाबला जाई. जॉन केम्प स्टार्ले याने १८८५ साली मागच्या चाकाला साखळी असलेली, आजच्यासारखी सायकल बनवली. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचे राज्य गेले, तेही याच वर्षी. पुढे १८८८ साली डनलॉपने हवा भरलेला टायर आणला. असा टायर ब्रेकच्या घासण्याने लवकर खराब होई; म्हणून ब्रेक रिमला लावणे सोयीचे ठरले.

आता कामाला लागू. प्रथम चाक हाताने फिरवून पाहा. ते डुगडुगत किंवा वाकडे फिरत असेल, तर आधी ते दुरुस्त करून घ्यावे लागेल. मग रिम कोरड्या फडक्याने पुसा. तिच्यावर किंवा रबरावर तेलाचा थेंबही पडता कामा नये. तेल द्यायचे ते फक्त ब्रेकच्या सांध्यांना. रबरावरच्या खाचा झिजून गेल्या असतील, तर रबर बदला. ते नेमके रिमवरच टेकले पाहिजे. वर सरकले तर टायर कापते, खाली सरकले तर आऱ्यांत अडकते. तारेचा एखादा जरी धागा तुटलेला दिसला, तरी ती तार नवी घाला.

रबर आणि रिम यांमध्ये एकावर एक ठेवलेल्या दोन नाण्यांएवढे, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर अंतर असावे. ते अधिक असेल, तर तारेच्या टोकाशी असलेली बारीक फिरकी बाहेरच्या बाजूस फिरवा. फिरकी पुरी पडली नाही, तर ती पुन्हा आत बसवा, पान्याने तारेचा नट सैल करा, गुटके रिमजवळ दाबून धरा, पकडीने तार ओढा आणि नट घट्ट आवळा. या कामी दोन माणसे असली, की सोपे जाते. सळीचा ब्रेक असेल, तर सळीवरचा नट सैल करून सळी थोडी वर घेऊन आवळतात.

शेवटी परीक्षा. चाक मोकळे फिरले पाहिजे. ब्रेक पूर्ण दाबला, तरी दांडी मुठीला टेकू नये. सायकल हाताने ढकलत दोन्ही ब्रेक एकेक करून दाबून पाहा आणि मगच अंगणात सावकाश चालवा.

इतके केले, तरी एक हिशेब लक्षात ठेवा. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात साडेपाच मीटर पुढे जाते. बोटे ब्रेकवर पडेपर्यंतच तेवढे अंतर सरून जाते. वेग दुप्पट झाला, की ब्रेक लागल्यावर थांबायला चौपट अंतर लागते. रिम ओली असली, तर आणखी अधिक. म्हणून उतारावर आधीपासूनच वेग आवरा, आणि दोन्ही ब्रेक एकदम लावा. पुढचा एकटाच जोरात दाबला, तर सायकल उलटते.

हे सारे काम अर्ध्या तासाचे आहे. रस्त्याने चालणाऱ्या माणसाला तुमच्या ब्रेकची पारख करता येत नाही. तुम्ही वेळीच थांबाल, एवढ्या भरवशावर तो रस्ता ओलांडतो. तो भरवसा खरा ठरवणे तुमच्या हाती आहे. पान्याने आवळलेल्या त्या एका नटात आहे.